एक कॉमा टाकायचा होता फक्त

मध्यंतरी एक काम हातात घेतलं, म्हटलं अर्ध्या तासात उरकेल. एका टेक्स्ट फाइलमध्ये ओळीला एक असे आकडे होते, कुठल्या फोल्डरने किती बाइट जागा खाल्लीये त्याचे, आणि ते स्क्रीनवर माणसाला वाचता येतील असे दाखवायचे होते. म्हणजे ४८३७२६१५९०४ असं सलग न येता ४८,३७२,६१५,९०४ असं आलं पाहिजे. सलग आलं की काय होतं, आपण स्क्रीनवर बोट ठेवून उजवीकडून अंक मोजत बसतो, मधेच कोणीतरी हाक मारतं आणि पुन्हा पहिल्यापासून. बाकी प्रोग्रॅम सी या प्रोग्रॅमिंग भाषेत आधीच तयार होता, फक्त कॉमा टाकायचे बाकी होते.

पायथन या दुसऱ्या भाषेत हे एका अक्षराचं काम आहे, फॉरमॅटमध्ये कॉमा लिहा, झालं, २.७ आवृत्तीपासून ते आहे. सी मध्ये मात्र असं काही हाताशी नाहीये आणि जे आहे ते असं अर्धवट आहे की नसतं तर बरं झालं असतं असं मला दुसऱ्या दिवशी वाटायला लागलं. हो, दुसऱ्या दिवशी. अर्धा तास कधीच संपला होता.

पहिली चूक मी केली ती सगळेच करतात. फाइलमधून आलेली गोष्ट स्ट्रिंग, म्हणजे नुसती अक्षरांची माळ, आहे, पण डोक्यात "आकडा" बसलेला असतो ना, त्यामुळे हात आपोआप स्ट्रिंगचा आकडा करणाऱ्या एटूआय या फंक्शनकडे गेला. स्ट्रिंगचा इंट, म्हणजे सी मधला साधा पूर्णांक, करा, मग त्याला हजाराने भागत जा. चालवलं आणि पहिल्याच ओळीला १,१२७,९७५,६४८ आलं. आता हे बघा, हा आकडा दिसायला किती शहाणा आहे, कॉमे अगदी जागच्या जागी, उणे नाही, काही नाही, फक्त तो साफ चुकीचा आहे. ४८ अब्जांच्या जागी एक अब्ज. इंट ३२ बिटांचा, त्यात जास्तीत जास्त २,१४७,४८३,६४७ मावतात, आणि सी चं स्टँडर्ड, म्हणजे भाषेचे अधिकृत नियम, म्हणतं की न मावणारा आकडा एटूआयला दिला तर काय होईल ते आम्ही सांगणार नाही. माझ्या मशीनवर वरचे बिट कापले गेले आणि उरलंसुरलं हातात आलं. उणे आकडा आला असता तर लगेच कळलं असतं. हा मी जवळजवळ पुढे पाठवला होता, मूळ फाइल शेजारच्या खिडकीत उघडी होती म्हणून वाचले.

बरं, लाँग लाँग, म्हणजे ६४ बिटांचा पूर्णांक, घेतला. १८ अंकांपर्यंत प्रश्न मिटला. मग ती सगळ्यांना माहीत असलेली रिकर्शनची युक्ती लिहिली, आकडा हजारापेक्षा लहान असेल तर सरळ छापा, नाहीतर आधी हजाराने भागून आलेल्या भागासाठी स्वतःलाच बोलवा आणि मग कॉमा आणि बाकी छापा. चार ओळी, दिसायला फार गोंडस. पण बाकी छापताना पूर्णांकाची खूण म्हणून मी नुसतं टक्का डी लिहिलं होतं, आणि १००५ चं झालं १,५. कारण १००५ भागिले १००० ची बाकी पाच, मग पाच छापलं, त्यात त्याचं काय चुकलं? तिथे टक्का शून्य तीन डी पाहिजे, म्हणजे तीन जागा पक्क्या आणि रिकाम्या जागी शून्य. ही चूक पकडायला अवघड अशासाठी की १२३४५६७ वर ती दिसतच नाही, आणि आपण सगळे टेस्ट करताना १२३४५६७ च टाकतो. ज्याच्या कुठल्याही तीनच्या गटात पुढे शून्य आहे असाच आकडा टाकून बघायला हवा, १००५ टाका, १०००००० टाका.

उणे आकड्यांचं आणखी एक. चिन्ह बाजूला काढायचं म्हणून आपण आकडा उणे करून अधिक करतो, आणि सगळ्यात लहान इंट म्हणजे उणे २,१४७,४८३,६४८ याचा अधिक आकडा इंटमध्ये मावतच नाही, एकाने जास्त होतो. ते ओव्हरफ्लो, म्हणजे परत "आम्ही सांगणार नाही". अनसाइन्डमध्ये, म्हणजे चिन्ह नसलेल्या टाइपमध्ये, टाकून मग शून्यातून वजा केलं की सुटतं.

तर एवढं झाल्यावर कोणीतरी मला सांगितलं, अगं छापायच्या प्रिंटएफ फंक्शनमध्येच ते आहे की, टक्का आणि डी च्या मधे एक ॲपॉस्ट्रॉफी टाक. मला खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं सी लिहितेय आणि माहीत नव्हतं म्हणून जरा लाजच वाटली, पण मग बघितलं तर ते सी च्या स्टँडर्डमध्ये नाहीचे, पॉसिक्स या युनिक्सवाल्यांच्या स्टँडर्डमध्ये आहे. जीसीसी या कंपायलरला फॉरमॅटचे इशारे आणि पेडँटिक असं दोन्ही लावून कंपाइल केलं तर तो तसं बजावतोही. म्हटलं चालेल, आपल्याला लिनक्सवरच चालवायचंय. ॲपॉस्ट्रॉफी टाकला, चालवलं, एकही कॉमा नाही. परत बघितलं, टाकलाय. परत चालवलं, नाही.

कारण असं की हजाराचा विभाजक काय असावा हे प्रिंटएफ ठरवत नाही, लोकेल, म्हणजे भाषा आणि देशाप्रमाणे आकडे वगैरे कसे लिहायचे याची सेटिंग, ठरवतो, आणि सी चा प्रत्येक प्रोग्रॅम सुरू होतो तो "सी" नावाच्याच लोकेलमध्ये, ज्यात हजाराचा विभाजक म्हणजे रिकामी स्ट्रिंग. त्यामुळे प्रिंटएफ बिचारा इमानेइतबारे प्रत्येक तीन अंकांनंतर काहीच नाही टाकत होता. मेन, म्हणजे जिथून प्रोग्रॅम सुरू होतो त्या फंक्शनच्या सुरुवातीला सेटलोकेलला रिकामी स्ट्रिंग देऊन बोलवायचं, मग तो बाहेरच्या एन्व्हायर्नमेंटमधून बघतो, आधी एलसी ऑल, मग एलसी न्यूमेरिक, मग लँग, जे पहिलं सापडेल ते. ती एक ओळ टाकली आणि कॉमे आले. खूप आनंद. रिकर्शनवालं सगळं पुसून टाकलं.

तो आनंद प्रोग्रॅम कंटेनरमध्ये, म्हणजे गरजेपुरतंच सामान भरलेल्या वेगळ्या डब्यात, चालवेपर्यंत टिकला. तिथे परत कॉमे गायब. कंटेनर ज्या साच्यावरून बनतो त्या छोट्या इमेजमध्ये लोकेल भरलेलेच नसतात, फार तर सी आणि सी डॉट यूटीएफ ८, आणि या दुसऱ्याच्या नावात यूटीएफ आहे म्हणून फसू नका, विभाजक त्याच्यातही रिकामाच. मागितलेला लोकेल मिळाला नाही तर सेटलोकेल नल, म्हणजे काहीच नाही, परत देतो आणि गप्प बसतो, आणि ते नल तपासायचं असतं हे मी तेव्हा शिकले. अल्पाइन लिनक्ससारख्या ठिकाणी तर ग्लिबसी ही लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररीच नसते, मसल नावाची दुसरी असते, ती ॲपॉस्ट्रॉफी वाचते आणि सोडून देते, विभाजक नावाचा प्रकार तिच्याकडे नाहीच. आणि विंडोजच्या सी लायब्ररीला हा फ्लॅगच ठाऊक नाही. म्हणजे एकच ओळ, चार जागा, आणि कॉमे फक्त एका ठिकाणी.

तरी मी म्हटलं जाऊदे, लोकेल इन्स्टॉल करून घेऊ. इथेच खरं घोडं पेंड खातं.

सेटलोकेल हे फक्त कॉमासाठी नसतं हो. ते अख्ख्या प्रोसेससाठी असतं आणि दशांश चिन्हही बदलतं. समजा मशीन जर्मन लोकेलवर आहे. तिथे हजाराला टिंब आणि दशांशाला कॉमा, आपल्या बरोब्बर उलटं. आता माझ्याच प्रोग्रॅममध्ये दुसरीकडे एक कॉन्फिग फाइल वाचली जाते आणि त्यात ०.७५ असा एक आकडा आहे, आणि तो स्ट्रटोडी, म्हणजे स्ट्रिंगचा दशांशी आकडा करणारं फंक्शन, वाचतो. जर्मन लोकेलमध्ये स्ट्रटोडी शून्य वाचतो, पुढे टिंब बघतो, हे माझ्या ओळखीचं नाही म्हणतो आणि थांबतो. हातात येतं शून्य. एरर नाही, काही नाही. कॉमा टाकायला म्हणून एक ओळ लिहिली आणि भलत्याच फाइलमधला, भलत्याच फंक्शनमधला ०.७५ शून्य झाला, आणि हे माझ्या मशीनवर कधीच दिसणार नाही, दिसेल ते ज्याच्याकडे जर्मन लोकेल आहे त्याच्याकडे, त्याला मी काय सांगू की मला कॉमे हवे होते? मी मुद्दाम लोकेल बदलून करून बघितलं, अगदी असंच होतं. थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारी कामं, असतील तर आणखी मजा, कारण एका थ्रेडने लोकेल बदलला की सगळ्यांचा बदलतो. त्यावर यूजलोकेल म्हणून पॉसिक्सचा उपाय आहे, थ्रेडपुरता लोकेल बदलणारा, पण तोपर्यंत माझा उत्साह संपला होता.

आणि मग डोक्यात आलं की अरे, माझ्याकडे आलेली वस्तू स्ट्रिंग आहे, मला द्यायचीये तीही स्ट्रिंगच. मधे तिचा आकडा करायची गरजच काय? मला ना बेरीज करायचीये ना भागाकार. नुसते अंक आहेत, त्यांच्या मधे खुणा ठेवायच्यात. आकडा केला की मावण्याचा प्रश्न, चिन्हाचा प्रश्न, आणि दशांश असेल तर डबल हा दशांशी टाइप, आणि डबलचं तर काय, ९,००७,१९९,२५४,७४०,९९२ च्या पुढे त्याला प्रत्येक पूर्णांक धरता येत नाही, शेवटी ९९३ दिलंत तर ९९२ छापतो. स्ट्रिंग राहू दिली तर दोनशे अंकी आकडा असला तरी काही फरक पडत नाही.

स्ट्रिंगवर करायचं तर असं. पुढे अधिक किंवा उणे असेल तर ते तसंच उतरवून घ्यायचं आणि बाजूला व्हायचं. मग सलग अंक किती आहेत ते मोजायचे, स्ट्रस्पॅन या फंक्शनला शून्य ते नऊ हे दहा अंक दिले की तो एका फटक्यात सांगतो. मग डावीकडून एकेक अंक उतरवायचा, आणि प्रत्येक अंक ठेवायच्या आधी विचारायचं, हा धरून अजून किती अंक उरलेत? उरलेले तीनने भागले जात असतील आणि हा पहिलाच अंक नसेल तर आधी कॉमा. १२३४५६७ घ्या. एक आला, सात उरलेत, काही नाही. दोन आला, सहा उरलेत, कॉमा. तीन, चार, काही नाही. पाच आला, तीन उरलेत, कॉमा. झालं १,२३४,५६७. "पहिला नसेल तर" ही अट विसरलात तर १२३४५६ चं ,१२३,४५६ होतं, आणि चिन्ह आधी बाजूला न काढता त्यालाही अंकांत मोजलंत तर उणे १२३४५६ चं -,१२३,४५६ होतं, हे मी इंटरनेटवर उत्तर म्हणून दिलेल्या कोडमध्येसुद्धा बघितलंय.

अंक संपल्यावर जे उरेल, टिंब, दशांश, ओळीच्या शेवटचं न्यूलाइन, जे काय असेल ते, ती शेपूट तशीच्या तशी चिकटवायची. दशांशानंतर कॉमे टाकायचे नसतात. राउंडिंग करायचं असेल तर ते याच्या आधी उरकून घ्या, कारण ९९९९९९.५ राउंड केलं की दहा लाख होतं, एक अंक वाढतो, आणि आधी टाकलेले सगळे कॉमे चुकतात.

मला मात्र आगाऊपणा सुचला की दुसरा बफर, म्हणजे उत्तर ठेवायची वेगळी जागा, कशाला, त्याच बफरमध्ये जागच्या जागी करू. त्यात मजा आहे खरी. आधी काढायचं की कॉमे किती लागणार, अंक वजा एक भागिले तीन, सात अंकांना दोन, सहाला एक, तीनला शून्य. मग एक बोट जुन्या शेवटावर, दुसरं बोट नव्या शेवटावर, म्हणजे दोन जागा पुढे, आणि उजवीकडून डावीकडे अंक सरकवत यायचं, दर तीन अंकांनंतर एक कॉमा. उजवीकडून आल्यामुळे न वाचलेल्या अंकावर काही लिहिलं जात नाही, आणि सगळे कॉमे टाकून झाले की दोन्ही बोटं एकाच जागी येतात, तिथे थांबायचं. मला तो क्षण अजूनही आवडतो, दोन बोटं भेटतात तो.

लिहिलं, छान चाललं, आणि खऱ्या फाइलवर क्रॅश झालं. फाइलच्या शेवटी एक रिकामी ओळ होती. रिकाम्या ओळीत अंक शून्य. शून्य वजा एक. आणि मोजणीचा टाइप साइझ टी, जो अनसाइन्ड असतो, त्याला उणे एक म्हणजे काय ते माहीतच नाही, त्याच्या लेखी ते १८,४४६,७४४,०७३,७०९,५५१,६१५. भागिले तीन, म्हणजे माझ्या प्रोग्रॅमच्या मते त्या रिकाम्या ओळीत ६,१४८,९१४,६९१,२३६,५१७,२०५ कॉमे टाकायचे होते आणि तो प्रामाणिकपणे तिथे लिहायला निघाला. अंक नसतील तर काही करू नका, परत जा, अशी एक ओळ वर टाकली. जागच्या जागी करणाऱ्याला स्ट्रिंग लिटरल, म्हणजे कोडमध्येच अवतरणांत लिहिलेली स्ट्रिंग, दिली तरी असाच मरतो बहुतेक ठिकाणी, कारण ती मेमरी लिहायची नसते. शेवटी मी आगाऊपणा सोडला आणि दुसरा बफर आणि त्याची साइझ असे दोन्ही मागून घेणारं साधं फंक्शन ठेवलं.

बफर किती मोठा? ६४ बिटांच्या आकड्यासाठी मी एकदा बसून मोजलं. साइन्ड असेल तर एक चिन्ह, १९ अंक, सहा कॉमे आणि स्ट्रिंग संपल्याची खूण म्हणून शेवटचा नल, २७. अनसाइन्ड असेल तर चिन्ह नाही पण अंक २०, कॉमे सहाच, नल, परत २७. स्ट्रिंग कुठूनही येणार असेल तर मात्र असा ठोकताळा चालत नाही, लांबी मोजा, कॉमे मिळवा, मावत नसेल तर तसं सांगा आणि बाहेर पडा.

यात एक मोह होतो, बफर मागायचाच नाही, फंक्शनच्या आत स्टॅटिक, म्हणजे प्रत्येक कॉलला तोच राहणारा, बफर ठेवायचा आणि त्याचा पॉइंटर, म्हणजे पत्ता, परत द्यायचा, म्हणजे प्रिंटएफमध्ये थेट बसवता येतं. मी पूर्वी केलंय. "एवढ्यापैकी एवढे झाले" अशी ओळ छापायची होती, एकाच प्रिंटएफमध्ये फंक्शन दोनदा बोलावलं, आणि दोन्ही ठिकाणी एकच आकडा. बफर एकच, दुसऱ्या कॉलने पहिल्याचं पुसलं, आणि प्रिंटएफच्या हातात दोन्ही पॉइंटर त्याच जागेचे. त्यात आर्ग्युमेंट कुठलं आधी चालेल ते सी ठरवून देत नाही, म्हणजे "सगळे झाले" दिसेल की वेगळंच काही, तेही नशिबावर. मला शंभर टक्के काम झालेलं दिसत होतं आणि मी घरी गेले होते.

आता लाख कोटीवाले कॉमे. १२,३४,५६७ असे. मला वाटलं होतं यासाठी वेगळीच कसरत लागेल, पण बघा, शेवटचा गट तीनचा आणि बाकी सगळे दोनदोनचे, म्हणजे कॉमा कुठे येतो, तर उरलेले तीन, पाच, सात, नऊ असताना. थोडक्यात उरलेले अंक विषम आहेत आणि तीन किंवा जास्त आहेत, पहिला अंक नाहीये, टाका कॉमा. एक अट बदलली की झालं. फक्त इथे कॉमे जास्त लागतात, १९ अंकांना आठ, २० अंकांना नऊ, म्हणून तो २७ चा बफर पुरत नाही, ३० लागतात. लोकेलवाल्यांनी हा विचार केलेला आहे हे मात्र मान्य करायला हवं. लोकेलकॉन्व्ह हे लोकेलची माहिती देणारं फंक्शन जे स्ट्रक्चर देतं त्यात ग्रूपिंग नावाची एक स्ट्रिंग असते, तिच्यात अक्षरं नसतात, गटांचे आकार असतात, उजवीकडून. नुसता तीन असेल तर तीनतीनच चालत राहा. तीन आणि मग दोन असेल तर पहिला गट तीनचा, पुढचे सगळे दोनचे, भारतीय इंग्रजीचा लोकेल ग्लिबसीत असाच आहे. आणि कॅरमॅक्स, म्हणजे एका कॅरॅक्टरमध्ये मावणारी सगळ्यात मोठी किंमत, आला तर इथून पुढे गट करू नका. १९८९ च्या स्टँडर्डपासून ही सोय आहे, कोणीतरी तेव्हा नीट विचार केला होता, फक्त प्रिंटएफपर्यंत तो पोचला नाही.

विभाजक एका कॅरॅक्टरचा असतो हे गृहीतही धरू नका हां. फ्रेंच लोकेलमध्ये नव्या ग्लिबसीत ती एक अरुंद, न तुटणारी स्पेस आहे, यूटीएफ ८ मध्ये तीन बाइटांची. बाइट मोजणाऱ्या स्ट्रलेनला ते तीन दिसतात, डोळ्याला एकच जागा, आणि मग बाइट मोजून लावलेले तुमचे कॉलम वेडेवाकडे होतात. तसं बघितलं तर वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९४८ मध्ये आणि परत २००३ मध्ये म्हटलंय की तीनतीनच्या गटांमध्ये टिंबही नको आणि कॉमाही नको, नुसती जागा सोडा, कारण कोणाचा कॉमा दशांश आणि कोणाचा हजार याचा घोळ संपतच नाही. मला पटतं, पण मला कॉमाच सांगितला होता.

पुढे शून्य असलेल्या स्ट्रिंगचं काय करायचं यावर मी थोडा वेळ घालवला, ०००१२३४ चं ०,००१,२३४ होतं आणि विचित्र दिसतं. पण अशी स्ट्रिंग बहुतेक वेळा आकडा नसतेच, कोड असतो कसला तरी, त्याला कॉमे लावायलाच नकोत. फंक्शनने ते ओळखावं असं मला वाटत नाही, बोलावणाऱ्याने बघावं.

तर एवढं सगळं करून प्रोग्रॅम दिला. कॉलम उजवीकडे सरळ, कॉमे जागच्या जागी, कंटेनरमध्येही तेच, सेटलोकेल नाही. दोन दिवसांनी निरोप आला की बाकी मस्त आहे पण स्प्रेडशीटमध्ये पहिल्या फोल्डरची साइझ नुसती ४८ का दिसतेय आणि पुढचे सगळे कॉलम सरकलेत का. स्क्रीनवर छापायला लिहिलेलं फंक्शन मीच सीएसव्ही लिहिणाऱ्या ओळीतही लावलं होतं, कॉमाने वेगळ्या होणाऱ्या फाइलमध्ये कॉमावाला आकडा, कोटही न लावता. त्या ओळीतून ते काढलं, कच्ची स्ट्रिंग जशी आली तशी लिहिली, आणि त्यांना म्हटलं फाइल परत उघडून बघा.